खोली आधी, माईक नंतर

मानकोली नाक्याजवळ कंटेनर मागे घेताना टीं-टीं वाजत राहतं. आम्हा गावकऱ्यांना ते आता ऐकूच येत नाही. माईकला मात्र सगळं ऐकू येतं, हे मला पहिल्याच रेकॉर्डिंगला कळलं.

माझी आजी धवलारीण. आगरी लग्नातले विधी धवलारिणीच्या गाण्यावर चालायचे. वाद्य नाही, ठेका नाही, नुसता आवाज. तिची गाणी कुठेही लिहिलेली नाहीत. हळदीला डीजे आला तसं तिला बोलावणं कमी झालं. तिने पंचाहत्तरी ओलांडली आणि मी घरातली मागची १० बाय १२ची खोली रेकॉर्डिंगसाठी रिकामी केली.

चूक तिथेच झाली. मी आधी कंडेन्सर माईक घेतला आणि भिंतींना दुकानदाराने दिलेला फोम चिकटवला. खोलीतला घुमारा थोडा कमी झाला, पण मुंबई-नाशिक महामार्गाची घरघर तशीच राहिली. फोम फक्त खोलीतले वरच्या पट्टीतले आवाज शोषतो, बाहेरचा आवाज अडवत नाही. तो अडवायला वजन लागतं आणि फट बुजवावी लागते. त्यात ट्रकची घरघर फार खालच्या पट्टीतली. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर भरते, म्हणजे माझ्या खोलीपेक्षा मोठी. इंचभर फोम तिच्यापुढे काय करणार?

मग उरलेले पैसे खोलीवर घातले. खिडकीत जाड प्लायवूड बसवून कडेने रबराची पट्टी लावली, पोकळ दार काढून भरीव दार लावलं. लाकडी चौकटींत २ इंची रॉकवूल भरून त्या भिंतीपासून थोड्या पुढे टांगल्या. वरून कापड हवं होतं, ज्यातून हवा आरपार जाते असं. ते भिवंडीत शोधावं लागत नाही. पॉवरलूमवरून उतरलेलं बिनरंगी ग्रे कापड आणून ताणून ठोकलं. कोपऱ्यांत जुन्या गोधड्या रचल्या. त्या दिवशी टाळी वाजवली तर ती जागच्या जागी विरली.

बाकीचं सामान थोडकं आहे. दोन चॅनेलचा ऑडिओ इंटरफेस, जुना लॅपटॉप, बंद कपांचा हेडफोन, एक स्टँड. माईक बदलून डायनॅमिक घेतला. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागत नाही आणि तोंडाजवळ धरला की लांबचं कमी उचलतो. इन्व्हर्टरवर गुणगुण येत होती, म्हणून रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवतो. ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाकतो. आजीच्या आवाजातलं त्यात काही जात नाही, उरलीसुरली घरघर मात्र जाते.

पंखा बंद केला तशी आजी म्हणाली, ‘‘पंखा लाव रं बाला, गरमीनं जीव चाललाय.’’ म्हणून आम्ही पहाटे बसतो, एका वेळी पंधरा मिनिटं. हेडफोन तिला नको. हातातल्या काचेच्या बांगड्या किणकिणायला लागल्या, तर त्या काढायला मी सांगणार नव्हतोच. तिनेच पदराचं टोक मनगटाभोवती गुंडाळलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिल्या दिवशी तीन गाणी झाली. तिसऱ्यात ती मध्येच थांबली, एक ओळ दोनदा पुटपुटली आणि मग पुढे गेली. तो तुकडा मी कापलेला नाही. आठवण कशी परत येते, ते त्यात ऐकू येतं.

गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या बायांच्या घरी कुठला स्टुडिओ होता? माझ्या मते माईकची किंमत सगळ्यात शेवटी बघावी.

तुमच्या घरात, भावकीत कोणी धवला गाणारी असेल तर स्टुडिओची वाट बघू नका. पहाटे पंखा बंद करा, गोधड्यांच्या खोलीत तिला बसवा, मोबाईल विमान मोडवर टाकून तिच्यापासून हातभर अंतरावर ठेवा. फाईलच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा, आणि सुरुवातीलाच तिला तिचं नाव, माहेर आणि गाणं कुणाकडून शिकली ते सांगायला लावा.