शिक्षापद म्हणजे शिक्षा नव्हे

कॉटन ग्रीन स्टेशनच्या पुलावर एका सकाळी मला वाटलं, आता आपण मरणार. छाती धडधडत होती, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना. लोकांनी टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल. "गॅस असेल" म्हणून घरी पाठवलं. पुन्हा पुन्हा तेच होऊ लागलं, तेव्हा मी लोकल सोडली, सभा टाळल्या. मग कळलं की क्वार्टर पोटात गेली की भीती बसते.

मी वस्तीत व्यसनमुक्तीवर बोलणारा कार्यकर्ता. समाजशास्त्रात एम.ए. बंद गिरण्या, बेकारी आणि दारू यांचा संबंध मी तासभर समजावून सांगायचो. पण विहारात पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला माझाच आवाज खाली जायचा.

या आजाराचं नाव पॅनिक डिसऑर्डर. दारू मेंदूला काही तास शांत करते. ती उतरली की मेंदू उलट उसळी घेतो. घाम, थरथर, धडधड. म्हणजे झटका आला म्हणून प्यायचं आणि प्यायलो म्हणून पुढचा झटका यायचा.

उपचाराला गेलो तर एकीकडे सांगितलं, "आधी दारू सोडा, मग भीतीचं बघू." दुसरीकडे सांगितलं, "दारू सुटली की भीती जाईल." दोन्ही दारांतून मी परत दारूकडेच गेलो. शेवटी एका सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी दोन्ही आजार एकत्र हाती घेतले. दारू त्यांच्या देखरेखीखाली सुटली. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, हे मला तिथंच कळलं. भीतीवरच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. सोबत समुपदेशन. झटका काही मिनिटांत शिगेला जातो आणि ओसरतो, तोवर पळायचं नाही, हा सराव. आधी कॉटन ग्रीन ते शिवडी एकच स्टेशन, मग वडाळा. मध्ये एकदा पाय घसरला. डॉक्टरांनी हाकललं नाही, पुढची तारीख दिली.

हे सगळं मी विहारात सांगितलं, तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, "बाबासाहेबांचं नाव घेतोस आणि पितोस?" प्रश्न खरा आहे. 1956 साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि मी ती मोडली होती. पण शीलाला पालीत 'सिक्खापद' म्हणतात. सिक्खा म्हणजे शिकणं, सराव. आपण त्याचा मराठी अर्थ लावला, दंड, आणि आजारी माणसाला लपायला लावलं. लपलेला माणूस एकटाच पितो.

बाबासाहेबांनी आपल्याला हक्काची भाषा दिली, ती इथेही वापरू. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितीही आजारात मोडते. कलम 18 नुसार सरकारी उपचार हा हक्क आहे, आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येत नाही. म्हणून "आधी हे सोडा, मग या" असं कुणी म्हटलं तर निमूट परतू नका. दोन्हीचा उपचार मागा. केईएम, नायरमध्ये मानसोपचार विभाग आहेत. 14416 या टेली मानस क्रमांकावर मोफत बोलता येतं. भीती घालवणाऱ्या गोळ्या मात्र मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. त्यातल्या काहींचं व्यसन लागतं.

त्या दिवशी विहाराबाहेर एका मावशींनी मला बाजूला घेतलं. हळूच म्हणाल्या, "माझ्या पोरालापण असंच होतं रे. तू कुठं दाखवलंस?"

हा प्रश्न त्यांना विहाराच्या आत, मोठ्याने विचारता यायला हवा.

जय भीम.