समुद्रांतील नक्तदीप

गेल्या मार्गशीर्षांत माझी नात सुट्टीसाठीं घरीं आली, ती बारीक कापडाची शंक्वाकृति जाळी, ताटाएवढी पांढरी तबकडी आणि बाटल्यांची पेटी घेऊन. गोव्यास राहून ती वनस्पतिप्लवकांचें संशोधन करते. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस वाटलें, मुलगी आतां मासळीच्या धंद्यांत शिरली! मलाहि विषय नवा होता. शब्द मात्र ओळखीचा. प्लु म्हणजे तरंगणें, त्यावरून प्लवक.

आमचें गांव रत्नागिरी जिल्ह्यांत खाडीच्या मुखाशीं आहे. त्या रात्रीं लाटा निळसर पेटत होत्या. मी सवयीनें म्हणालों, "हा पाण्यांतला फॉस्फरस बरें!" नात हंसली. "आजोबा, फॉस्फरस नव्हे, हा जीव आहे. नॉक्टिलुका." लॅटिनमध्यें याचा अर्थ रात्रीं प्रकाशणारी, आपलें नक्त आणि रुच् हे त्याच कुळांतले, हें ऐकून मला आनंद झाला. पण तो क्षणभरच टिकला.

कारण चाळीसएक वर्षांपूर्वीं याच गांवच्या शाळेंत मीं हाच धडा दिला होता. तेव्हां मागच्या बांकावरील एका कोळ्याच्या मुलानें उठून सांगितलें, "गुरुजी, पाण्यांत जीव असतो, हात घातला कीं पेटतो." उलट उत्तर केल्याबद्दल मीं त्यास तासभर ओणवें उभें केलें. योगायोग असा, कीं आज नातीला पाण्यावर नेतो तो त्याच विद्यार्थ्याचा पडाव.

दुसऱ्या दिवशीं मीही पडावांत बसलों. नातीनें तबकडी दोरीनें खालीं सोडली व ती दिसेनाशी झाली ती खोली टिपली. अँजेलो सेक्की या इटालियन ज्योतिर्विदानें १८६५ सालीं भूमध्य समुद्रांत ही रीत पडताळून पाहिली. ऊन जितकें खोल जाईल तितकेंच या सूक्ष्म वनस्पतींचें स्वयंपाकघर! पण नत्र व स्फुरद यांचे क्षार, आणि डायाटम जातीला आपलें कांचेचें कवच घडविण्यास लागणारी सिलिका, यांचा मोठा सांठा खालच्या अंधारांत असतो. माडीवर उजेड आणि तळघरांत धान्य, असा हा संसार. धान्य वर आणतो वारा. पावसाळ्यांत नैर्ऋत्येचा वारा पश्चिम किनाऱ्यालगत खालचें थंड पाणी वर खेचतो. नद्याहि क्षार आणतात, परंतु त्यांच्याच गाळानें उजेड अडतो. उत्तर अरबी समुद्रांत हिंवाळ्याचा कोरडा ईशान्य वारा पृष्ठभाग गार करतो. तें जड पाणी खालीं बसतें आणि ढवळणी होते.

नॉक्टिलुका स्वतः अन्न बनवीत नाहीं, डायाटम गिळते. उत्तरेकडची हिरवी जात मात्र पोटांत हिरवीं शेवाळें पाळते. गेल्या कांहीं दशकांत तिकडे हिंवाळ्यांत डायाटमची जागा तिनें बळकावली आहे. पाण्यांतील प्राणवायु घटला म्हणून, कीं पाणी तापून ढवळणी मंदावली म्हणून, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं.

"मग एक बाटली तपासून सांगून टाक कीं!" मी म्हणालों.

"एका दिवसाच्या पाण्यावरून काय कळणार, आजोबा? तीच जागा, तीच भरतीची वेळ, महिन्यामागून महिना. उष्णता, खारटपणा, क्षार, उजेड आणि जीवांची गणती, सारें बरोबरच टिपायला हवें. एक सुटलें तर कोणाचें कारण कोण, तें ठरत नाहीं."

मीं तर पुस्तकांतील एका ओळीवर एका मुलाला ओणवें केलें होतें! धक्क्यावर उतरतांना मीं त्याला तें सर्व सांगितलें. त्याचे केस आतां माझ्याइतकेच पांढरे. तो दोर गुंडाळीत होता.

"तें राहूं द्या, गुरुजी. ताईंना सांगा, उद्यांची भरती आजच्याहून पाऊण तास उशिरा. त्याच वेळेला पाणी पाहिजे ना त्यांना?"