दहा मिनिटांचा काळोख

आमच्या नायगावात आता दिव्याचे अप्रूप कोणास उरलेले नाही. तथापि काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी चित्रपटकलेचे शिक्षण घेऊन गावी आला आणि आमच्या माळवदाच्या घराबाहेर त्याने जो दिवा उभा केला, तो पाहावयास सारी गल्ली लोटली. माझ्या आईस जात्यावरच्या ओव्या पुष्कळ पाठ होत्या. त्या तिच्या तोंडून टिपून घ्याव्यात, असा त्याचा मानस होता. रात्रीचे आठ वाजले असतील. दिवा पेटला, दोनतीन मिनिटांत त्याचे तेज चढत गेले आणि खिडकीतून ओसरीवर लख्ख दुपार उतरली. आई म्हणाली, "रातीला ऊन कसं आणलास रे, लेकरा?"

प्रश्न भाबडा खराच, परंतु नेमका होता. चित्रपटाच्या व्यवसायाने उन्हासाठी केवढी धडपड केली आहे! दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' सूर्याच्या भरवशावर चित्रित झाला. पुढे कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची कमान पेटवून प्रखर उजेड मिळवू लागले. पण त्या कांड्या जळून झिजत, आणि त्यांचे अंतर जुळवीत माणसास जवळ उभे राहावे लागे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील ऑसरॅम कंपनीने तीच कमान क्वार्ट्झच्या बंद कुपीत, पारा आणि धातूंचे क्षार यांच्या वाफेत कोंडली. हाच 'एचएमआय' दिवा. तारेच्या दिव्याहून तेवढ्याच विजेत तिपटी-चौपटीने उजेड, आणि रंग अगदी दिवसाचा, सुमारे ५६०० केल्विन.

चार ओव्या झाल्या असतील नसतील, तोच जनरेटर बंद पडला. तो लगेच सुरू झाला. दिवा मात्र पेटेना. दिव्यापाशी उभा असलेला सोलापूरकडचा पोरगा म्हणाला, "सर, तापलाय. निवल्याशिवाय घेत नाही." मोठी मौज वाटली. थंड असता जो चटकन पेटतो, तोच तापलेला असता पेटत नाही! कारण त्याने सांगितले नाही, ते मी मागाहून वाचले. तापलेल्या कुपीत वाफेचा दाब इतका वाढलेला असतो की, एरवी पुरणारा विजेचा झटका तो भेदू शकत नाही. त्याहून जबर झटका देणारी साधने असतात. आमच्या पाहुण्यांच्या जुन्या दिव्यास ती नव्हती.

मग दहा मिनिटे काळोखात बसणे आले. आईने त्या पोराला जवळ बोलाविले. गाव कोणते, आई आहे का, जेवलास का, अशी तिची चौकशी चालली होती. मग ती सांगू लागली, "मी परकरी पोर असताना बाबानं माळेगावच्या जत्रंत तंबूतला शिनेमा दाखवला. सगळे म्होरं बघत व्हते. मी माघारी बघत बसले. भोकातनं उजेडाची वाट निघाली व्हती, अन् तिच्यात..."

मी हातातल्या घड्याळाकडे पाहत होतो. पाहुण्यांचा खोळंबा झाला, याचाच मला संकोच वाटत होता. मी म्हणालो, "आई, त्यांना कामं आहेत. उगाच बोलण्यात गुंतवू नकोस." ती गप्प झाली. थोड्याच वेळात दिवा पेटला. आईने पदर सावरला आणि पाठ म्हणून दाखवावे तशा उरलेल्या ओव्या म्हटल्या.

गेल्या आषाढात आई गेली. तो चित्रपट माझ्याजवळ आहे. त्यात तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते. आठवण आली की मी तो लावतो. परंतु ओव्या चालू असतानाही माझे लक्ष त्या मधल्या तुटलेल्या जागेकडेच असते. पडद्यावर ती क्षणार्धात निघून जाते.

उजेडाच्या त्या वाटेत तिने काय पाहिले होते? तो दिवा दहा मिनिटांत निवून पुन्हा पेटला. आईला पुन्हा विचारावयास मला त्यानंतर सहा वर्षे मिळाली होती. मी विचारले नाही.