राज्यशास्त्र ‘स्पेशल’

बारावी झाल्यावर आम्ही राज्यशास्त्र ‘स्पेशल’ घेऊन बी.ए. करायचे ठरवले. घरात विरोध कोणी केला नाही, पण या विषयाचा उपयोग काय, हेही कोणाला उमगले नाही. मोहल्ल्यातल्या शिकणाऱ्या पोरांचे रस्ते ठरलेले होते. डी.एड. करून उर्दू शाळेत मास्तरकी, आय.टी.आय. करून वायरमन किंवा फिटर, नाहीतर पासपोर्ट काढून सौदी, दुबई. मामूंनी विचारले, “पॉलिटिक्स पढ़के क्या लीडर बनने का है?” अब्बांचा प्रश्न साधा होता, “नौकरी लगेगी ना?”

दोन्ही प्रश्न रास्त होते. आमच्याकडे राजकारण म्हणजे निवडणुकीच्या महिन्यात येणारी जीप, मशिदीसमोर हात जोडून उभा राहणारा उमेदवार आणि दंगल झाली की पोलीस ठाण्यात बसणारी शांतता कमिटी. राजकारण आमच्यावर घडत असे. त्याचेही एक शास्त्र असते आणि ते वर्गात बसून शिकता येते, ही कल्पनाच नवी होती. तरी बाबासाहेब आंबेडकरांनी १९१२ साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हेच विषय घेऊन मिळवली होती. हे आम्ही अब्बांना सांगितले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. फीचे पैसे मात्र दिले.

पाश्चात्त्य राजकीय विचार शिकताना प्लेटो, ॲरिस्टॉटल झाले की एकदम मॅकियाव्हेली येत असे. मधली शतके कोरी. त्या शतकांत फाराबीने प्लेटोचा आधार घेऊन आदर्श नगराची मांडणी केली, इब्न रुश्दने प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वर भाष्य लिहिले आणि इब्न खल्दूनने १३७७ मध्ये ‘मुकद्दमा’ सिद्ध केला. टोळीला बांधून ठेवणारी ‘असबिया’ म्हणजे एकजुटीची भावना, तिच्या बळावर सत्ता कशी येते आणि ऐषआरामात तीन-चार पिढ्यांत कशी जाते, हे त्याने सांगितले. पुढे अवांतर वाचनात ही नावे भेटली, तेव्हा आनंद झाला. पण त्या आनंदाला ‘हमारे बुजुर्गों ने सब पहले ही लिख दिया’ अशा फुशारकीचे वळण लागणे सोपे असते. इब्न खल्दून वाचायचा तो स्वतःच्या समाजाची चिकित्सा कशी करावी हे शिकण्यासाठी, मिरवण्यासाठी नव्हे.

खरी परीक्षा फाळणीच्या प्रकरणाला होती. १९०६ ची मुस्लिम लीग, १९०९ चे स्वतंत्र मतदारसंघ, १९१६ चा लखनौ करार, १९४० चा लाहोर ठराव. सरांचे बोलणे या ओळीवर आले की वर्गातल्या नजरा हळूच आमच्या बाकाकडे वळत. कोणी वाईट बोलत नसे. पण त्या नजरेत एक प्रश्न असे आणि त्याचे उत्तर आम्हीच द्यावे, अशी अपेक्षाही असे.

उत्तर पुस्तकांतच होते. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत लीगला मुस्लिम जागांवर मोठे यश मिळाले, हे खरेच. पण तेव्हा प्रौढ मताधिकार नव्हता. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींवर मत मिळत असे. अंगठा लावणाऱ्या, हातमागावर राबणाऱ्या आमच्या आजोबांना मतच नव्हते. एप्रिल १९४० मध्ये, लाहोर ठरावानंतर सुमारे महिनाभराने, सिंधचे अल्लाबक्ष सुमरो यांच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत आझाद मुस्लिम कॉन्फरन्स भरली आणि तिने फाळणीच्या मागणीला विरोध केला. विणकरांची मोमीन कॉन्फरन्सही तीत सामील होती. हे कळल्यावर त्या नजरांकडे सरळ पाहता येऊ लागले. ज्यांना मत नव्हते, त्यांच्या नातवांकडे त्या मताचा हिशेब मागितला जातो, एवढे सांगण्याइतका आवाज आम्हाला या विषयाने दिला.

घटना समितीचा इतिहास वाचताना दुसरी गोष्ट उमगली. ‘मुसलमानांचे मत’ असे एकच मत तिथेही नव्हते. मद्रासचे मोहम्मद इस्माईल स्वतंत्र मतदारसंघांचा आग्रह धरत होते. बिहारच्या तजम्मुल हुसैन यांना ‘अल्पसंख्याक’ हा शब्दच नको होता. समितीच्या कामात भाग घेतलेल्या एकमेव मुस्लिम महिला बेगम एजाज रसूल यांनी राखीव जागांना विरोध केला. अशा जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडतील, असे त्यांचे म्हणणे होते. मौलाना हसरत मोहानी तर सोव्हिएत धर्तीवरचे प्रजासत्ताकांचे संघराज्य मागत होते. अखेर मे १९४९ मध्ये धर्माधारित राखीव जागांची तरतूद गेली. बेगम साहिबांचे बरोबर होते की मोहम्मद इस्माईल यांचे, यावर आजही वाद घालता येईल. वाद घालता येतो, हेच महत्त्वाचे. राज्यघटना आम्हाला कोणी बक्षीस दिलेली नाही. ती घडताना आमची माणसे तिथे बसली होती, आपसांत भांडली होती आणि हरली-जिंकलीही होती.

शाहबानोचे प्रकरण वर्गात निघाले, तेव्हा दोन घोषणा तयार होत्या. एक ‘शरियत खतरे में’, दुसरी ‘लांगूलचालन’. २३ एप्रिल १९८५ चा निकाल आणि १९८६ चा कायदा दोन्ही बाजूंना तोंडपाठ. पण शाहबानोचे वकील राहिलेल्या डॅनियल लतीफी यांनी त्याच कायद्याला आव्हान दिले आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवतानाच, घटस्फोटितेच्या पुढील आयुष्याची न्याय्य तरतूद पतीने इद्दतच्या काळातच केली पाहिजे, असा अर्थ लावला, हे फार थोड्यांना माहीत. म्हणजे १९८६ ला सगळे संपले, हे खरे नव्हे. पुढे तिहेरी तलाकवर २०१७ चा निकाल आणि २०१९ चा कायदा आला, तेव्हाही घोषणा आधी आल्या आणि वाचन मागे राहिले. आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, “दोन्हीकडचे पुरुषच बोलतात, आम्हाला कोणी विचारतच नाही.” त्या तासाला याहून मोलाचे वाक्य कोणी बोलले नाही.

न वाचण्याची किंमत समाज मोजतो. २०१४ च्या जुलैत महाराष्ट्र शासनाने मुस्लिमांतील मागास घटकांसाठी शिक्षण आणि नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली, पण शासकीय शिक्षणसंस्थांतील आरक्षण स्थगित केले नाही. तरीही मोहल्ल्यात आजतागायत ऐकू येते, “कोर्ट ने छीन लिया.” घटनेचा अनुच्छेद २१३ सांगतो की, विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत कायदा झाला नाही तर अध्यादेश संपतो. तसा कायदा झाला नाही आणि अध्यादेश संपला. जाब विधिमंडळाला विचारायचा होता; आम्ही न्यायालयाच्या नावाने बोटे मोडत बसलो. हा अनुच्छेद बी.ए.च्या अभ्यासक्रमातला आहे.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये संसदेत मांडला गेला. २००१ च्या जनगणनेत १३.४ टक्के असलेल्या समाजाचा वाटा आय.ए.एस.मध्ये ३ टक्के आणि आय.पी.एस.मध्ये ४ टक्के होता. हे आकडे सभांमधून टाळ्यांसाठी खूप वापरले गेले. ते वाचून, मांडून, त्यावर पाठपुरावा करणारी माणसे मात्र मोजकी निघाली.

अशी माणसे आपल्यात नव्हतीच असे नाही. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मोईन शाकीर यांनी खिलाफत ते फाळणी हा सगळा प्रवास चिकित्सकपणे तपासला. सोलापूरचे फक्रुद्दीन बेन्नूर राज्यशास्त्राचेच प्राध्यापक. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्या चळवळीच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा. मराठी मुसलमान परका नाही, हे त्यांनी घोषणेने नव्हे, पुराव्याने सांगितले. २०१८ मध्ये ते गेले. त्यांची जागा भरायला व्याख्याने पुरणार नाहीत, विद्यार्थी लागतील.

नुसत्या पदवीवर नोकरी लागत नाही, हे अब्बांना तेव्हाही कळत होते. स्पर्धा परीक्षा, वकिली, पत्रकारिता, अध्यापन असे पुढचे रस्ते आहेत, पण प्रत्येकाला वेगळे कष्ट आहेत. गरीब घरातल्या पोराला हे लपवून या विषयाकडे बोलावणे बरे नाही. नव्या शैक्षणिक धोरणानंतर ‘स्पेशल’चे ‘मेजर’ झाले आहे. नाव बदलले, घरातला प्रश्न तोच आहे.

तरीही आम्ही म्हणतो, घरटी नाही तरी मोहल्ल्यामागे एखाद्या मुलाने, आणि त्याआधी एखाद्या मुलीने, हा विषय घ्यावा. मतदार यादीतून नाव गळले तर कुठला अर्ज भरायचा, नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या वॉर्डाच्या गटारीला किती रक्कम धरली आहे, निकालपत्रात नेमके काय लिहिले आहे, हे वाचून सांगणारे माणूस घराजवळ असावे. जीपमधून येणाऱ्याला मग हात जोडून भागणार नाही. त्याला उत्तर द्यावे लागेल.