कानांचा सौदा

परीक्षा संपली आणि वर्षभर साठविलेले ५०० रुपये खिशात घालून मी मोबाइलसाठी इअरफोन घ्यावयास निघालो. पाचशे रुपयांची खरेदी ती काय आणि तिच्यावर निबंध तो काय लिहायचा, असे वाचक म्हणतील. मलाही तसेच वाटत होते. परंतु उंबरठ्यावरच आजोबांनी हाक मारली.

आमच्या आजोबांनी इंदुरातील एका कापडगिरणीत २५ वर्षे माग चालविले. त्या खडखडाटात शेजारच्या माणसाशीही खुणांनीच बोलावे लागे, असे ते सांगतात. पुढे गिरणी बंद पडली, भोंगा थांबला. आजोबांच्या कानांतील गुणगुण मात्र थांबली नाही. मोठ्या आवाजाने दुखावलेला कान प्रथम वरच्या पट्टीतले बारीक नाद हरवून बसतो. तरुणपणी रेडिओवर ज्यांचे गाणे त्यांनी जिवाचा कान करून ऐकले, त्या उस्ताद अमीर खाँ यांच्या मागे झंकारणाऱ्या तंबोऱ्याची जवारी आज त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

"बाळ," ते म्हणाले, "मोठा आवाज देणारा घेऊ नकोस. लहान आवाजात सगळे ऐकू येईल, असा घे. गिरणीने मला पगार दिला. पण कान ठेवून घेतले."

जेल रोडवरील दुकानदाराने पाच-सहा डब्या माझ्यापुढे मांडल्या. प्रत्येकीवर '२० ते २०,००० हर्ट्झ' असे छापलेले होते. मानवी श्रवणाची मर्यादा म्हणून विज्ञानाच्या पुस्तकात हेच आकडे दिलेले आहेत. सर्वच उमेदवार शंभरपैकी शंभर गुण सांगू लागले, तर निवड ती कशी करावी? ओहमचा आकडा मात्र उपयोगी पडला. मोबाइलची शक्ती बेताची असते. १६ किंवा ३२ ओहमचा इअरफोन तिला सहज पेलतो. बिनतारी जोड्या मी बाजूला सारल्या; कारण त्यांच्या किमतीतील बराच पैसा बॅटरीत आणि जोडणीच्या यंत्रणेत जातो. माझ्या फोनला ३.५ मिलिमीटरचे गोल छिद्र आहे, हे मी घरीच पाहून ठेवले होते. ज्यांच्या फोनला ते नसेल, त्यांनी टाइप-सीचा इअरफोन पाहावा. तार बहुधा पिनेपाशीच तुटते. म्हणून तेथील रबरी आवरणही मी वाकवून पाहिले.

दुकानदाराने नमुन्याच्या जोडीवर एक धडाडधूम गाणे लावले. त्यात सारेच इअरफोन सारखे वाटले. मग मी माझ्या फोनवरचा अमीर खाँसाहेबांचा मारवा लावला आणि आवाज निम्म्यावर ठेवला. पहिल्या जोडीत तंबोरा बुडाला. दुसरीत तो स्पष्ट होता. परंतु खाँसाहेबांचा मंद्रातील भरदार स्वर अगदी पातळ लागला. सहज बोटाने इअरफोन किंचित आत दाबला, तो स्वर एकदम भरून आला! दोष यंत्राचा नव्हता, त्यावरील रबरी टोपीचा होता. डबीतील तीन मापांपैकी मोठी टोपी चढविताच काम झाले. कान नीट बंद झाला नाही, तर खालचे स्वर निसटतात, बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि आपण आवाज वाढवीत बसतो. आजोबांच्या बोलण्याचा अर्थ मला तेथे उमगला. अर्थात, गोंगाट अडविणारी टोपी मोटारीचा भोंगाही अडविते. म्हणून रस्त्याने जाताना तो कानांत नसावा.

जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी ७५ डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत निर्धोक मानला आहे. त्यावर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ७८ला २० तास, ८१ला अवघे १०. प्रत्येक कानाच्या आत सुमारे १५ हजार सूक्ष्म रोमपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

३८० रुपये मोजून मी घरी आलो आणि तो इअरफोन प्रथम आजोबांच्याच कानांत घातला. मारवा सुरू झाला. त्यांनी डोळे मिटले. मान हळूहळू डोलू लागली. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "बाळ, तंबोरा लावलेला आहे ना रे?"

"हो, आजोबा," मी म्हणालो, "आहे."

इअरफोन बिघडला, तर पुन्हा पैसे साठवीन आणि जेल रोडवरून दुसरा आणीन. कान मात्र तेथे कोणत्याच दुकानात मिळत नाहीत. त्या रात्री मारवा ऐकताना मी फोनचा आवाज आणखी दोन घरे खाली आणला. तंबोरा तरीही ऐकू येत होता.