सुटलेले आणि न सुटलेले

प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय आमच्या मंडळ्यांमध्ये फार आवडीचा. हेरोदाने पेत्राला तुरुंगात टाकलं, दोन शिपायांच्या मध्ये साखळदंडांनी जखडून ठेवलं. इकडे मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करत राहिली, आणि रात्री देवदूत आला, बेड्या गळून पडल्या, लोखंडी दरवाजा आपोआप उघडला. संकटातल्या प्रार्थनेचं बळ सांगायचं असलं की उपदेशक हाच अध्याय उघडतात. त्याच अध्यायाच्या दुसऱ्या वचनात, हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारलं, असं येतं. एवढंच, एका ओळीत. त्या याकोबावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. तोही बारांपैकीच एक होता. त्याच्यासाठी कुणी प्रार्थना केलीच नसेल, हे मला पटत नाही.

मिशनऱ्यांची चरित्रं वाचताना हा याकोब मला पुन्हा पुन्हा भेटतो. सर्वांत ठळक भेटतो तो १८२६ साली, आणि तोही आपल्या नाशिकच्या वाटेवर.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी अमेरिकेतल्या सेलम गावी पाच तरुणांना एकत्र मिशनरी सेवेची दीक्षा मिळाली. ॲडोनायराम जडसन, गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल आणि ल्यूथर राइस. त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, ती सगळ्यांसाठी एकच. न्यूएल यांची पत्नी हॅरिएट त्याच वर्षी नोव्हेंबरात मॉरिशसमध्ये वारली. वय एकोणीस. तिचं बाळ त्याआधी जहाजावरच गेलं होतं. स्वतः न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने गेले. हॉल आणि नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले, तेव्हा इंग्रज आणि अमेरिकन यांच्यात युद्ध चालू होतं. सरकारने त्यांना परत जायला सांगितलं. अर्जविनंत्या करकरून त्यांनी कसंबसं पाऊल रोवलं, आणि त्यातून पुढे अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. जडसन मात्र ब्रह्मदेशात गेले.

१८२४ मध्ये इंग्रज आणि ब्रह्मी राजा यांच्यात लढाई पेटली. गोरा माणूस म्हणजे हेर, असा संशय येऊन ८ जूनला जडसनना आवा इथल्या तुरुंगात टाकलं. रात्री कैद्यांच्या बेड्यांतून बांबू ओवून तो वर ओढत, पाय अधांतरी आणि खांदे तेवढे जमिनीला. बाहेर त्यांची पत्नी ॲन गरोदर होती. ती रोज अधिकाऱ्यांचे उंबरठे झिजवत होती, पहारेकऱ्यांना पैसे चारत होती, नवऱ्याला जेवण पोचवत होती. जडसननी केलेल्या नव्या कराराच्या ब्रह्मी भाषांतराचं हस्तलिखित तिने आधी जमिनीत पुरलं. मग ओलीने ते खराब होईल म्हणून एका उशीत शिवलं. ती उशी इतकी टणक केली, की कुणाला तिचा लोभ होऊ नये. पुढे कैद्यांना दुसरीकडे हलवलं तेव्हा जडसनजवळ तुरुंगात असलेली ती उशी मागे राहिली. मौंग इंग नावाच्या एका ब्रह्मी ख्रिस्ती माणसाने ती आठवण म्हणून उचलून नेली. आत काय आहे, हे त्याला ठाऊकही नव्हतं.

जानेवारी १८२५ मध्ये मुलगी झाली, मरिया. दुसऱ्या तुरुंगाजवळ ॲन इतकी आजारी पडली, की तिचं दूध आटलं. तेव्हा जडसननी पहारेकऱ्यांना लाच देऊन थोडा वेळ बाहेर पडण्याची सवलत मिळवली. बेड्यांनी खुरडत, तान्ही पोर हातात घेऊन ते खेड्यातल्या दारोदार फिरत आणि लेकुरवाळ्या बायांकडे तिच्यासाठी घोटभर दूध मागत. ब्रह्मी बाया त्या परक्या कैद्याच्या मुलीला पाजत. ही हकिकत वाचताना मला पेत्राच्या देवदूतापेक्षा त्या बाया जास्त आठवतात. त्यांना कुणी प्रार्थना करायला सांगितलं नव्हतं, पण कुणाच्या तरी प्रार्थनेचं उत्तर त्यांच्या अंगणात मिळत होतं.

१८२६ च्या फेब्रुवारीअखेर यांदाबोचा तह झाला, तोवर जडसन कुटुंब सुटलं होतं. मंडळ्यांनी देवाची स्तुती केली, आणि ती रास्तच होती.

त्याच दिवसांत गॉर्डन हॉल नाशिककडे दौऱ्यावर होते. सोबत दोन ख्रिस्ती मुलगे, पुस्तकं आणि थोडं औषध. नाशिकात पटकीने कहर मांडला होता. हॉलनी जवळचं बहुतेक औषध आजाऱ्यांना वाटून टाकलं आणि परतीची वाट धरली. वाटेत एका गावी ते देवळाच्या ओसरीवर उतरले. जुन्या नोंदींत त्या गावाचं नाव डोर्ली-दापूर असं येतं. पहाटे त्यांनाच पटकीने गाठलं. उरलेलं औषध पोटात ठरेना. आपण वाचणार नाही, हे त्यांनी सोबतच्या मुलांना सांगितलं. इथल्या लोकांसाठी, घरच्यांसाठी, सहकाऱ्यांसाठी प्रार्थना केली, आणि काही तासांतच, २० मार्च १८२६ रोजी, ते गेले. वय एक्केचाळीस. त्या दोन मुलांनी परमुलखात खड्डा खणून त्यांना मूठमाती दिली. त्या मुलांवर काय गुदरलं असेल, याबद्दल चरित्रकार फारसं लिहीत नाहीत. खरं तर धोका त्यांनाही तेवढाच होता, आणि नाशिकच्या गल्ल्यांतून माणसं मरत होती त्यांना तर तो टाळताच येत नव्हता. मिशनऱ्याने संकट निवडलेलं असतं, लोकांच्या ते नशिबी आलेलं असतं. हा फरक विसरून लिहिलेलं मिशनरी चरित्र मला अपुरं वाटतं.

त्या काळी अमेरिकेतल्या मंडळ्या दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मिशनकार्यासाठी प्रार्थनेला जमत. मुंबईहून पत्र पोचायला महिनेच्या महिने लागत. म्हणजे १८२६ च्या एप्रिलात, मे महिन्यात, कितीतरी लोक गुडघे टेकून हॉल यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करत असणार, आणि हॉल तेव्हा मातीआड होते. त्या प्रार्थना वाया गेल्या का? मी या प्रश्नाशी बरीच वर्षं झगडतो आहे.

आपल्याकडे नवस बोलतात. काम झालं की नवस फेडायचा. बांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहणारे ख्रिस्तीही आहेत, आणि त्यांच्या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. पण आम्ही जे नवस बोलत नाही असं म्हणतो, तेही तोच हिशेब प्रार्थनेत आणतो. सुटका झाली म्हणजे प्रार्थना पोचली, नाही झाली म्हणजे विश्वास कमी पडला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या मंडळीत दोन घरांसाठी एकाच रात्री, एकाच फोनवर, प्रार्थना चालली होती. एक माणूस घरी आला, एक आला नाही. पुढे उपासना सुरू झाल्या तेव्हा पहिल्या घराने साक्ष दिली. दुसऱ्या घरातली बाई मागच्या बाकावर बसून ऐकत होती. नंतर कुणीतरी तिला म्हणालं, ‘ताई, आपण जरा अजून जोर लावायला हवा होता.’ ते वाक्य मला आजही सहन होत नाही.

गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. तो टळला नाही. येशूचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? प्रार्थना करून तो उठला आणि त्याला धरायला येत होते त्यांच्यासमोर स्वतः चालत गेला. प्रार्थनेचं बळ मी आता तिथे शोधतो. ते मला उघडलेल्या दरवाजात दिसतं, तसंच संपत आलेली औषधाची बाटली दुसऱ्याच्या तोंडाशी धरणाऱ्या हातातही दिसतं.

आणि कधी कधी तर ते दिसतच नाही. सुटकेनंतर आठ महिन्यांनी, २४ ऑक्टोबर १८२६ ला, ॲन गेली. जडसन तेव्हा दूर होते. सहा महिन्यांनी छोटी मरियाही गेली, दुधासाठी दारोदार फिरवलेली ती पोर. जडसन रानात झोपडी बांधून राहू लागले. स्वतःसाठी कबर खणून तिच्या काठावर बसत. त्या काळात त्यांनी लिहिलं, की देव आपल्याला अज्ञात झाला आहे, आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो, पण तो सापडत नाही. हे वाक्य मिशनरी चरित्रांतून गाळू नये. त्याच माणसाने १८३४ मध्ये संपूर्ण ब्रह्मी बायबलचं भाषांतर पुरं केलं. ते आजही तिकडे वाचलं जातं. देव सापडत नसतानाही ते रोज त्या कामाला बसले होते.

म्हणून माझी पाळकांना आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. बारावा अध्याय वाचाल तेव्हा दुसऱ्या वचनापाशी थोडं थांबा. साक्षीच्या वेळी बरं होऊन आलेल्यांना जरूर उभं करा, पण ज्यांचं माणूस आलं नाही त्यांनाही बोलायला बोलवा. त्यांच्या प्रार्थनेत काय कमी पडलं, हे मात्र त्यांना कधीही विचारू नका.