दाताची कॅप किती मजबूत हवी?

गेल्या आठवड्यात बीपी तपासायला आलेल्या एका काकींनी विचारलं, "डॉक्टर, दाढेला झिरकोनियाचीच कॅप बसवू ना? मुलगा म्हणतो, ती फुटतच नाही. पंधरा वर्षांची वॉरंटी आहे."

दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी "हो" म्हणून मोकळा झालो असतो. एमबीबीएस, एमडी करताना दातांविषयी आम्हाला फार थोडं शिकवतात. मला जे कळलं ते माझ्याच दाढेमुळे.

खालच्या उजव्या दाढेचं माझं जुनं रूट कॅनाल होतं. वर धातूची कॅप, त्यावर पोर्सेलीनचा थर. एका पावसाळ्यात उकड्या तांदळाच्या भातात खडा आला आणि पोर्सेलीनचा टवका उडाला. दुखत नव्हतं, म्हणून मी तसाच जेवत राहिलो. एखाद्या पेशंटने असं केलं असतं तर त्याला चार शब्द सुनावले असते!

काही महिन्यांनी तोंडाला वास यायला लागला. आमच्या डेंटिस्ट बाईंनी एक्स-रे काढला. मुळं ठीक दिसत होती, पण कॅपच्या जागी नुसता पांढरा ठोकळा. धातू क्ष-किरण अडवतो, झिरकोनियाही अडवतो, त्यामुळे आतली कीड लपून राहू शकते. कॅप काढली तर खाली दात बराच किडलेला. "आता कॅपचा प्रश्न नाही," बाई म्हणाल्या, "दाढ राहते का, हा प्रश्न आहे."

मग मी वाचायला बसलो. सिरॅमिकची परीक्षा तशी सोपी असते. त्याची छोटी पट्टी किंवा चकती आधारांवर ठेवून ती तुटेपर्यंत दाब देतात. जुनं पोर्सेलीन 100 मेगापास्कलच्या आतच तुटतं, लिथियम डायसिलिकेट 400 च्या आसपास, झिरकोनियाचा मजबूत प्रकार 1000 च्या आसपास. दिसायला जास्त पारदर्शक झिरकोनिया त्याहून बराच कमी भरतो. म्हणजे "झिरकोनिया" एवढ्या शब्दाने काही कळत नाही. शिवाय तोंडात एकदाच दाब येत नाही. म्हणून यंत्रावर ओल्या स्थितीत लाखो वेळा चावण्याचे ठोके देतात, 5 आणि 55 अंशांच्या पाण्यात आलटून पालटून बुडवतात. आपला गरम चहा आणि वरून थंड पाणी, तसंच.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती जाडी. सिरॅमिकची जाडी निम्मी केली तर ते तुटायला लागणारं बळ साधारण एक चतुर्थांशावर येतं. आणि कॅप जाड हवी तर दात जास्त घासावा लागतो. माझ्याकडे घासायला दात होता कुठे?

मूळ तडकलंय का आणि हाड किती आहे, हे पाहायला रत्नागिरीला सीबीसीटी केला. ओपीजीत दात खऱ्यापेक्षा साधारण 20 ते 30 टक्के मोठा दिसतो, त्यावर पट्टी ठेवून माप घेता येत नाही. सीबीसीटीतलं माप खऱ्याच्या जवळ असतं. किरणांची भीती मला पेशंट रोज विचारतात. 1896 मध्ये जर्मनीत ऑटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्स-रे काढला तेव्हा 25 मिनिटं लागली होती. आता सेकंदाचा अंश पुरतो. तरी सीबीसीटी उगाच करू नये, त्याचे किरण साध्या एक्स-रेपेक्षा जास्त असतात.

मूळ शाबूत निघालं. कीड काढल्यावर हिरडीच्या वर चांगला दात उरला तो गालाच्या बाजूला 2 मिलिमीटर, जिभेच्या बाजूला जेमतेम 1. कॅपला धरायला चहूकडे दीड-दोन मिलिमीटर लागतात. "बसवते," बाई म्हणाल्या, "पण वॉरंटी मी देणार नाही." कॅप बसली. अजून आहे. भात मात्र आता मी डाव्या बाजूने खातो.

काकींना मी कागदावर दोन प्रश्न लिहून दिले, डेंटिस्टना विचारायला: हिरडीच्या वर दात किती उरलाय, आणि कॅपच्या जाडीला जागा किती मिळेल? "आणि वॉरंटी दाताची की कॅपची, तेही मुलाला विचारा," मी म्हटलं.

काकींनी कागद बटव्यात ठेवला. "ते विचारते. पण बीपी किती आलं?"

150 आणि 90. गोळी दोन दिवस चुकली होती.